पेट्या किती?

कांगारू आयलंडवरच्या मधपाळांसमोर भाषणाला उभं राहायचं असेल, तर तुम्ही किती बुकं शिकलात हे कुणी विचारत नाही. ओळख वाचून झाली की मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, "पेट्या किती?" आणि उत्तर येईपर्यंत सगळं सभागृह पाय आपटत राहतं. शंभर सांगा, टाळ्या पडतात. तीन सांगा, तरी पडतात, कारण तीन पेट्यांच्या माश्याही चावतातच. शून्य म्हणालात तर मात्र चहाच्या सुट्टीत तुमच्या शेजारी कुणी उभं राहत नाही, मग तुम्ही कुठल्याही विद्यापीठाचे दिवे असा.

यंदाच्या परिषदेत वक्त्यांच्या ओळखी लिहायचं आणि वाचायचं काम मर्ना हेडलच्या गळ्यात पडलं होतं. गळ्यात पडलं असं ती म्हणायची. खरं तर तिनंच हात वर केला होता. वक्त्यांनी आपापल्या ओळखी धाडल्या, आणि त्या वाचून मर्नाला रोज संध्याकाळी फुकटची करमणूक झाली. माणूस स्वतःविषयी लिहायला बसला की त्याला काही सुमार राहत नाही. मधाच्या बाटल्या विकणाऱ्या एकानं स्वतःला 'गोड क्रांतीचा शिल्पकार' म्हटलं होतं. मर्नानं ते कापून 'बाटल्या विकतो, पेट्या नऊ' असं केलं आणि समाधानानं चहा प्याली.

अडली ती डॉ. ड्यूगल पास्कोंच्या ओळखीपाशी. डॉक्टर पलीकडचे, म्हणजे मुख्य भूमीवरचे. पेट्यांमधल्या सडीविषयी त्यांच्याइतकं जाणणारं माणूस देशात नव्हतं. सड म्हणजे माश्यांच्या अळ्या घरातल्या घरात कुजून त्यांचा कॉफीच्या रंगाचा चिकट डिंक होतो, तो रोग. काडी घालून ओढली तर तार निघते. त्याला औषध नाही. पेटी, चौकटी, मेण, माश्या, सगळं खड्ड्यात घालून जाळायचं आणि वर माती ओढायची. आणि तरी त्याचे बीजाणू लाकडात, मेणात, लोखंडावर चिकटून एका पिढीपेक्षा जास्त जिवंत राहतात. बेटावर सड कधीच आली नव्हती. म्हणून तर बोटीतून मधाचा थेंब आणायची बंदी, वापरलेली पेटी, हातमोजे, हत्यार, काही म्हणजे काही आणायची बंदी.

डॉक्टरांची ओळख दोन पानांची होती. पदव्या, निबंध, समित्या, सरकारी सल्लागारपद. पेट्यांचा उल्लेख नाही. मर्नानं फोन लावला.

"डॉक्टर, हे सगळं उत्तम आहे हो, पण आमची माणसं तुम्हाला कच्चं खातील."

"म्हणजे?"

"पेट्या किती तुमच्या?"

"स्वतःच्या नाहीत. दुसऱ्यांच्या जाळत फिरतो मी. स्वतःच्या ठेवायला सवड कुठली?"

"हे तर मुळीच सांगू नका! काहीतरी हाताचं सांगा. तुम्ही पेटी उघडता असं वाटेल असं. आणि आदल्या दिवशी या, आमच्या क्लेमकाकांच्या पेट्या उघडा. काका दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगतील, मग कुणाची बिशाद नाही."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी एक ओळ धाडली. 'मी दहा वर्षांचा असताना वडिलांनी ट्रकच्या पाट्यातून घडवून दिलेली पटाशी आजही माझ्या कोटाच्या खिशात असते.' पेटीचं झाकण माश्यांनी डिंकानं चिकटवून टाकलेलं असतं. ते उचकटायची ती लोखंडी पट्टी. मर्नाला ती ओळख एकदम आवडली. तिचे वडील वॉल यांनीही अशीच पटाशी घडवली होती, ट्रकच्या पाट्यातूनच. त्या पिढीत सगळ्यांनीच घडवल्या. तिनं ती ओळ शेवटी टाकली, पानाला पिन मारली आणि विसरून गेली. तिला त्यात माया दिसली. दुसरं काही दिसलं नाही.

परिषद सुरू झाली त्या सकाळी रिवाजाप्रमाणे प्रत्येक जण उठून आपला आकडा सांगत होता. क्लेमकाका उठले. अठ्ठ्याहत्तरी गाठलेला माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण शस्त्रक्रियेचं नाव काढलं की "माश्यांना मी दिसतो ना, मग झालं," असं म्हणणारा. मोठ्या वणव्याच्या साली पश्चिमेकडचं सगळं रान जळालं, तेव्हा काकांच्या सगळ्या पेट्या गेल्या, शेड गेली, शेडमध्ये खिळ्याला टांगलेली वॉलची पटाशीही गेली. त्या साली ते याच सभागृहात उठून "शून्य" म्हणाले होते, आणि कुणी पाय आपटले नव्हते. मग एका जळक्या निलगिरीच्या ढोलीत त्यांना जिवंत पोळं सापडलं. त्या एका पोळ्यापासून त्यांनी एकेक राणी तयार करत पेट्या वाढवल्या. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्यांना झोपेतून उठवणारं दुसरं काही या जगात नव्हतं.

यंदा काकांनी टोपी काढली, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "बावीस." टाळ्यांनी पत्रे हलले.

त्याच दुपारी मर्ना डॉक्टरांना घेऊन काकांच्या रानात गेली. डॉक्टर उंच, वाकलेले, तपकिरी कोटातले. बोटीवर चढण्याआधी त्यांनी मधाच्या खोकल्याच्या गोळ्यासुद्धा कचऱ्यात टाकल्याचं त्यांनी वाटेत हसत सांगितलं. मर्ना धुराच्या डब्यासाठी वाळकी साल गोळा करायला गेली. परत आली तेव्हा पहिल्या पेटीचं झाकण उघडलेलं होतं आणि डॉक्टर उघड्या हातांनी चौकट उचलून उन्हात धरून बघत होते. माश्या त्यांच्या मनगटावरून शांतपणे चालत होत्या. काका शेजारी उभे राहून मान डोलवत होते. तेवढ्यात सभागृहातून चहाबरोबरच्या स्कोनचा हिशेब चुकल्याचा फोन आला, आणि रेंजसाठी मर्नाला टेकाडावर चढावं लागलं. खाली उतरली तोवर दोघांनी मिळून सगळ्या पेट्या बघितल्या होत्या. मर्नाला वाटलं, जिंकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका न्याहारीला तिच्याकडे आले. टोस्टवर लोणी फासता फासता म्हणाले, "काल वॉलची पटाशी हातात घेतली. बरं वाटलं बघ, पोरी."

"कुणाची?"

"तुझ्या बापाची. पेटीच्या झाकणावर पडली होती. उचलली तेव्हाच वजनावरून कळलं. मग म्हटलं, आता हिनंच करू सगळ्या. झाल्यावर तिथंच ठेवली."

मर्नाचा हात किटलीवर थांबला. वडिलांची पटाशी वणव्यात गेल्याला किती वर्षं झाली! राखेत ती शोधूनही सापडली नव्हती. तिला वाटलं, काका विसरायला लागले. आता गेलेली माणसं परसात दिसायला लागतील, मग गाडीची किल्ली काढून घ्यावी लागेल, मग कुणीतरी चोवीस तास जवळ हवं. सभागृहापर्यंत गाडी चालवताना ती काकांकडे चोरून बघत राहिली. काका खिडकी खाली करून फुलोऱ्याचा वास घेत होते.

सभागृहात अजून कुणी आलं नव्हतं. काका पहिल्या रांगेतली आपली खुर्ची अडवून बसले. मर्ना व्यासपीठामागच्या खोलीत गेली आणि सवयीप्रमाणे ओळखी मोठ्यानं वाचून बघायला लागली. तिसरी ओळख डॉक्टरांची. पदव्या झाल्या, समित्या झाल्या. "...वडिलांनी ट्रकच्या पाट्यातून घडवून दिलेली पटाशी आजही माझ्या कोटाच्या..."

ती थांबली. पुन्हा तीच ओळ मनात वाचली. मग ती खुर्ची न बघताच खाली बसली. खुर्ची होती म्हणून बरं.

काका काही विसरले नव्हते. त्यांच्या हाताला वजन बरोबर कळलं होतं. पटाशी तशीच होती, फक्त वॉलची नव्हती.

माणूस चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो, तसं डॉक्टरांचं झालं होतं. गोळ्या टाकल्या, हातमोजे घरी ठेवले, आणि जे हत्यार अंगाचाच भाग झालं होतं ते कोटातून बोटीत बसून आलं. आणि तिनं? तिनं ती ओळ मागून घेतली, वाचली, गोड मानली, पिन मारली. बेटावर जन्मलेली बाई, मधाचं चाटण लागलेला चमचा जेट्टीवर टाकून द्यायला पोरांना शिकवणारी! तिला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यामागून भीती आली, ती चिडीपेक्षा मोठी होती.

बाहेर एव्हाना डॉक्टर येऊन चहाच्या पिंपापाशी उभे होते. मर्ना त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर, पटाशी दाखवा."

"हो, ही काय," म्हणत त्यांनी कौतुकानं आतल्या खिशात हात घातला. हात तिथंच राहिला. मर्नानं आजवर माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरताना पाहिला नव्हता. त्यांच्या दुसऱ्या हातातला कप तिनंच काढून घेतला. दोघं मागच्या खोलीत गेली. तिनं दार लावलं.

पटाशी टेबलावर पडली. टोकाजवळच्या खाचेत तपकिरी डिंक साचलेला होता.

"मी ती नेहमी जाळावर धरतो," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक रानातून निघताना. लाल होईपर्यंत. नेहमी."

"नेहमीचं नाही विचारत मी. मागच्या वेळचं सांगा."

ते खाली बसले. "गुरुवारी एका रानात सड होती. चार पेट्या. पुरल्या आम्ही. मग गॅस संपला. म्हटलं, घरी जाऊन करू. घरी गेलो, तर या भाषणाची तयारी राहिली होती."

बाहेर माणसं यायला लागली होती. खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी कुणाला तरी "काय रे, तुझ्या माश्या अजून तुझ्यापेक्षा आळशीच का?" असं विचारत होतं, आणि हसणं भिंतीतून आत येत होतं.

"तार निघाली होती त्या पेट्यांत?" मर्नानं विचारलं.

"बोटभर."

मग डॉक्टर अगदी खालच्या आवाजात बोलू लागले. तो व्यासपीठावरचा आवाज नव्हता. "बाई, ऐका. लागण झालीच असेल असं नाही. पटाशीला किती लागलं, किती सुटलं, कुणी सांगावं. मी दर महिन्याला येतो. स्वतःच्या खर्चानं. गुपचूप प्रत्येक पेटी बघतो. काही दिसलं तर त्याच दिवशी सांगू. नाही दिसलं तर... त्या म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य का जाळायचं, केवळ शक्यतेपोटी?" जरा थांबून ते म्हणाले, "आणि माझंही. चाळीस वर्षं मी लोकांना हीच एक गोष्ट सांगत आलो."

हे शेवटचं त्यांनी सांगितलं नसतं तर मर्नाला ते लबाड वाटले असते. सांगितलं म्हणून ते फक्त घाबरलेले वाटले, तिच्याइतकेच. आणि खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं तिला बुडत्याला काडी मिळावी तसं मिळालं. तिनं काकांचा विचार केला. शून्य म्हणालेले काका. वणव्यानंतर सहा महिने अंघोळ करायची आठवण करून द्यावी लागलेले काका. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळणार होतं? दोघांनाच.

"शेवटची ओळ मी वाचत नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी डोळे मिटले. पटाशी रुमालात गुंडाळून पुन्हा खिशात ठेवली. मर्ना बाहेर पडली आणि तिला जाणवलं की आपण होकार देऊन बसलो आहोत आणि आता त्याचीच भीती वाटते आहे. आधीची भीती माश्यांविषयीची होती. ही स्वतःविषयीची होती, आणि तिला कुठं ठेवायचं ते कळत नव्हतं.

सभागृह भरलं. तिसऱ्या रांगेत कोरा बसली होती, काकांच्या ओढ्यापलीकडची तरुण बाई. नवऱ्याच्या मागे तिनं यंदाच सहा पेट्या घेतल्या होत्या, काकांनीच राण्या दिल्या होत्या. दाराजवळ लेस्टर, बेटाचा तपासनीस, हाताची घडी घालून उभा. त्याच्याही घरी तीस पेट्या. मर्नाला आज माणसं दिसत नव्हती. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा आकडा दिसत होता, आणि त्या सगळ्या पेट्यांमधून उडणाऱ्या माश्या एकमेकींच्या घरात शिरत होत्या. माशीला कुणाचं कुंपण कळतं?

तिनं ओळख वाचली. पदव्या वाचल्या, समित्या वाचल्या. "...असे डॉ. ड्यूगल पास्को," म्हणून कागद खाली ठेवला.

मागून आवाज आलाच. "पेट्या किती?"

पाय आपटायला सुरुवात झाली. डॉक्टर उठून उभे राहिले होते, एक हात कोटावर दाबून. मर्नानं पाण्याचा ग्लास उचलला.

"अरे, पेट्या काय विचारता!" पहिल्या रांगेतून काका ओरडले. ते उठले, सभागृहाकडे वळले. "हात विचारा! काल माझ्या पेट्या उघडल्या यानं, एक माशी चिरडली नाही. आणि त्यानंतर मी सगळ्या केल्या, वॉलच्या पटाशीनं! काय आठवण आली म्हणून सांगू भावाची. मर्ने, सांग ना तूच, तुलाच राखेत सापडली ना ती, तूच आणली होतीस ना?"

सभागृहात जुनी माणसं बरीच होती. वॉलची पटाशी कशी गेली हे त्यांना ठाऊक होतं. पाय आपटणं कमी कमी होत थांबलं. काहींनी डोळे खाली घातले, म्हाताऱ्याची कीव येऊन. काकांना ते दिसलं नसेल, पण ऐकू आलं. ते गोंधळले. "काय झालं?" म्हणाले. "चुकलं का माझं काही?"

मर्नाला सगळं सोसलं असतं. पण शहाण्या माणसाला सगळ्या गावानं वेडा समजावं आणि तिनं, जिला माहीत होतं तिनं, ग्लास हातात धरून बघत राहावं, हे सोसवेना. आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिला त्या मागच्या खोलीतही ठाऊक होतंच.

"नाही काका," ती म्हणाली. ध्वनिक्षेपकात तिचा आवाज चिरका आला. "तुमचं काही चुकलं नाही. एक ओळ वाचायची राहिली माझी." तिनं कागद पुन्हा उचलला. तो टेबलावर सपाट धरून तिनं वाचलं. "वडिलांनी ट्रकच्या पाट्यातून घडवून दिलेली पटाशी आजही माझ्या कोटाच्या खिशात असते."

एक क्षण कुणालाच कळलं नाही. मग कुठंतरी खुर्ची करकरली. लेस्टरची हाताची घडी सुटली. कोरानं तोंडावर हात नेला. शेवटच्या रांगेतला एक जण वाकून आपल्या बुटांचे तळवे बघायला लागला, आणि ते बघून त्याच्या शेजारचाही बघायला लागला. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टर पुढे आले. रुमाल उलगडून त्यांनी पटाशी टेबलावर ठेवली. "ही माझी," ते म्हणाले. "गुरुवारी ती सडलेल्या पेट्यांमध्ये होती. गॅस संपला होता. नंतर मी विसरलो."

काका टेबलाजवळ आले. चाचपडत त्यांनी पटाशी उचलली, तळहातावर तोलली. खूप वेळ तोलत राहिले.

"म्हणजे ही वॉलची नव्हे," ते म्हणाले.

"नाही, काका."

"आणि मी हिनं सगळ्या..."

"हो, काका."

त्यांनी ती जपून खाली ठेवली आणि हात पँटला पुसले, मग तेच हात बघत राहिले.

लेस्टर पुढे आला. "क्लेम, घाई नको," तो म्हणाला. "नियमात वाट बघायला वाव आहे. रान बंद करू. नमुने पाठवू. सहा महिने, वर्षभर नजर ठेवू. नसेलही काही."

मर्नाला काकांनी हो म्हणायला हवं होतं, आणि तिला कळत होतं की हेच ती त्या खोलीत मागत होती, फक्त आता ते सगळ्यांसमोर आणि कायद्यानं मिळत होतं.

"ओढ्यापलीकडे कोराच्या पेट्या आहेत," काका म्हणाले. "माझ्या माश्या तिच्याकडे जातात. मी बघतो ना रोज. दिसत नाही, पण कळतं." ते कोराच्या दिशेनं वळले. "पोरी, वर्षभर तू झोपशील?"

कोरा रडत होती.

"त्या साली मी वाटच बघत बसलो होतो," काका म्हणाले. "वारा फिरेल म्हणून. सगळे म्हणत होते, क्लेम, पट्टा जाळून घे, मधे मोकळी जागा कर. मी म्हटलं, वारा फिरेल." त्यांनी टोपी शोधली, मर्नानं ती हातात दिली. "आज वारा पडलेला आहे. आजच उरकू."

उरलेली भाषणं त्या दिवशी झाली नाहीत. माणसं फावडी घेऊन काकांच्या रानात गेली आणि दुपारभर खड्डा खणत राहिली. जे आत शिरले नाहीत ते कुंपणाबाहेर उभे राहिले. डॉक्टर कोट काढून खणत होते. त्यांना कुणी थांबवलं नाही आणि कुणी पाणीही दिलं नाही, शेवटी काकांनीच आपली बाटली पुढे केली.

"तुम्ही हे बरंच केलंय," काका म्हणाले.

"हो."

"मग मला शिकवा. कसं रचायचं, म्हणजे लवकर होईल?"

डॉक्टरांनी सांगितलं. उन्हं कलल्यावर माश्या घरी येतात, तेव्हा दारं बंद करायची. पेट्रोलचा वास आत गेला की त्या लगेच जातात, हाल होत नाहीत. मग पेट्या खड्ड्यात आडव्या, मधे हवेला जागा ठेवून. काका एकेक गोष्ट पुन्हा म्हणून घेत होते, शाळेतल्या पोरासारखं.

दिवस मावळायला आला. माश्या परतत होत्या, मागच्या पायांवर पिवळा पराग लादून. मर्ना काकांच्या मागे पेटीपेटीशी गेली. काका दाराला कान लावत, आतली गुणगुण ऐकत आणि गवताचा बोळा बसवत. ती बघत होती ते फक्त त्यांचे गुडघे. एकदा जरी ते वाकून उठले नसते तर काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. उद्या सकाळी ते कशासाठी उठतील, हे तर त्याहून माहीत नव्हतं, आणि तो विचार तिला इतका भिववत होता की ती पुढच्या पेटीपलीकडे बघतच नव्हती.

सगळं रचून झालं. लेस्टर कागदाची पाटी घेऊन जवळ आला. त्याला तिथून पळून जायचं होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"क्लेम, माफ कर," तो म्हणाला. "नोंदीसाठी विचारावं लागतं. पेट्या किती?"

कुंपणाबाहेरच्या माणसांची कुजबुज थांबली. काकांनी सवयीनं टोपी काढली आणि पाठ ताठ केली.

"बावीस," ते म्हणाले, आणि आगकाडी मागायला डॉक्टरांपुढे हात केला.